संगणकांचे घड्याळ अचूक ठेवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे? क्रोनी, एनटीपीडी, टाइमसिंकडी आणि विंडोज टाइम यांची तुलना

मेघना_ऐरोली (धागाकर्ती)

नमस्कार. महापे एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीचे सर्व्हर मी सांभाळते. एकूण पंधरा यंत्रे आहेत. त्यांतली अकरा लिनक्सवर आणि चार विंडोजवर चालतात. शिवाय हजेरीची दोन यंत्रे आणि गोदामातले कॅमेरे आहेत. गेल्या महिन्यात एका ग्राहकाची मागणी दोनदा नोंदली गेली. ती कशी, हे शोधण्यासाठी मी तीन यंत्रांचे लॉग, म्हणजे घटनांच्या वेळेसह नोंदी, शेजारी शेजारी उघडले, तर डेटाबेसने उत्तर आधी दिले आणि अॅप्लिकेशनने प्रश्न त्यानंतर विचारला, असा क्रम दिसला. दीड दिवस मी प्रोग्राममध्ये चूक शोधत होते. चूक तिथे नव्हती. डेटाबेसच्या यंत्राचे घड्याळ सव्वा सेकंद मागे होते, आणि त्या सव्वा सेकंदाने सगळ्या घटनांचा क्रमच उलटा करून टाकला होता.

मग प्रत्येक यंत्रावर वेळ कोण जुळवते, हे पाहिले. जुन्या सर्व्हरवर एनटीपीडी होते, नंतर बसवलेल्या काहींवर टाइमसिंकडी, दोन यंत्रांवर क्रोनी, आणि विंडोजवर त्याची स्वतःची टाइम सेवा. ज्याने ज्या वर्षी यंत्र बसवले, त्याने त्या वर्षी जे आपोआप मिळाले ते तसेच ठेवले होते. आता सर्वत्र एकच पद्धत लावायची आहे. दोन आठवडे वाचन आणि चाचण्या केल्यावर माझे जे मत झाले ते मांडते; अनुभवी सदस्यांनी कृपया तपासावे.

आधी घड्याळ चुकते किती, हे पाहू. संगणकातल्या स्फटिकाचा वेग दहा लाखांत एका भागाने, म्हणजे एक पीपीएमने चुकला तर दिवसाला ८६.४ मिलिसेकंदांचा फरक पडतो. वीस पीपीएमची चूक साध्या यंत्रात सहज आढळते, आणि ती दिवसाला पावणेदोन सेकंदांपर्यंत जाते. म्हणून सॉफ्टवेअरचे काम वेळ विचारून घड्याळ लावण्यापुरते नाही. आपले घड्याळ कोणत्या वेगाने चुकते, ते त्याने ओळखून ठेवले पाहिजे, म्हणजे इंटरनेट बंद पडल्यावरही चूक कमी राहते. माझ्या मते या चारांमधला खरा फरक याच मुद्द्यावर आहे. सगळे सुरळीत असताना चारही जण बरी वेळ दाखवतात.

टाइमसिंकडी हा साधा ग्राहक आहे. तो एका वेळी एकाच सर्व्हरला विचारतो, सुरुवातीला ३२ सेकंदांनी आणि पुढे जास्तीत जास्त २०४८ सेकंदांनी. तो सर्व्हर चुकीची वेळ सांगत असेल, तर ते ओळखण्यासाठी याच्याकडे दुसरे मत नसते. एनटीपीडी अनेक सर्व्हरांना विचारतो, त्यांच्यातले खोटे बोलणारे बाजूला काढतो आणि घड्याळाचा वेग शिकतो. मात्र यंत्र सतत चालू आणि जाळे सतत जोडलेले असेल, तरच तो उत्तम काम करतो. क्रोनीही हे सर्व करतो. शिवाय खंडित जोडणी, वारंवार बंद होणारी यंत्रे आणि आभासी यंत्रे (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे संगणक) यांच्याशी तो जास्त चांगले जुळवून घेतो. आमच्या भागात शुक्रवारी देखभालीसाठी वीज जाते आणि त्या दिवशी लहान यंत्रे बंदच ठेवावी लागतात, त्यामुळे माझा कल क्रोनीकडे आहे.

प्रश्न दोन आहेत. पहिला, चार विंडोज यंत्रांचे काय करावे? दुसरा, सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या आदेशाप्रमाणे वेळ नेमकी कोठून घ्यावी?

घंटाळी

मेघनाताई, मांडणी नेटकी आहे. मी दूरसंचार क्षेत्रातून निवृत्त झालो आहे आणि माझ्या नोकरीचा बराच काळ याच विषयात गेला. सॉफ्टवेअरची तुलना करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असायला हवी, नाहीतर आपण क्रोनीकडून अशी अपेक्षा धरू जी कोणतेच सॉफ्टवेअर पूर्ण करू शकत नाही.

एनटीपी म्हणजे जाळ्यावरून वेळ जुळवण्याची पद्धत; ही सगळी सॉफ्टवेअर तीच वापरतात. तिच्या प्रत्येक देवाणघेवाणीत चार क्षणांची वेळ नोंदली जाते: आपण प्रश्न पाठवला ती, सर्व्हरला तो मिळाला ती, सर्व्हरने उत्तर पाठवले ती, आणि आपल्याला उत्तर मिळाले ती. या चार आकड्यांवरून जाऊन-येऊन लागलेला एकूण वेळ काढता येतो. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागला असे गृहीत धरले, की दोन घड्याळांमधला फरकही निघतो. सगळी मेख त्या गृहीतकात आहे. महापे ते दिल्ली हे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेअकराशे किलोमीटर आहे आणि काचतंतूत प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका दिशेने किमान पावणेसहा मिलिसेकंद झाले. प्रत्यक्ष मार्ग त्याहून लांब असतो. हा विलंब दोन्ही दिशांनी सारखा असेल, तर तो कितीही मोठा असला तरी हिशेबातून निघून जातो. पण जाताना १२ आणि येताना २० मिलिसेकंद लागले, तर घड्याळ ४ मिलिसेकंदांनी चुकणार, आणि सॉफ्टवेअर मात्र सर्व ठीक आहे असेच सांगत राहणार. ही चूक क्रोनीला दिसत नाही आणि एनटीपीडीलाही दिसत नाही.

ही पद्धत डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी घडवली. तिचा पहिला दस्तऐवज १९८५ चा आणि सध्याची चौथी आवृत्ती २०१० ची. जानेवारी २०२४ मध्ये मिल्स गेले, तेव्हा मला घरातले कोणी वडीलधारे गेल्यासारखे वाटले. त्यांनी लिहिलेला एनटीपीडी आज मागे पडतो आहे, पण क्रोनी ज्या नियमांवर चालतो ते नियम त्यांचेच आहेत.

पारसिक

घंटाळीकाकांच्या मुद्द्याला पुरवणी जोडतो. सर्व्हर जवळचा निवडला, की मार्गातली असमानता आपोआप कमी होते, कारण चूक एकूण जाऊन-येऊन वेळेच्या निम्म्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. त्यामुळे कंपनीच्या आत स्वतःचे दोन सर्व्हर ठेवून बाकीच्यांनी त्यांना विचारावे, हा उपाय सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा अधिक फळ देतो. क्रोनीच्या अधिकृत माहितीप्रमाणे इंटरनेटवरून जुळवलेली यंत्रे काही मिलिसेकंदांत राहतात, तर स्थानिक जाळ्यावर हाच आकडा काही दहा मायक्रोसेकंदांवर येतो. सॉफ्टवेअर तेच आहे, फरक अंतराचा आहे.

आता उडी आणि सरकवणे यांबद्दल. घड्याळ चुकलेले आढळले, तर ते एकदम बरोबर वेळेवर आणणे ही उडी. त्याचा वेग किंचित कमी-जास्त करून हळूहळू जुळवणे म्हणजे सरकवणे. डेटाबेसला मागची उडी सहन होत नाही. तुमच्या बाबतीत दोनदा नोंद होण्याचे मूळही कदाचित तिथेच असेल; ते तपासून पाहा. एनटीपीडी १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक सरकवून भरून काढतो, त्याहून जास्त फरक काही काळ टिकला तर उडी मारतो, आणि फरक १००० सेकंदांच्या वर गेला तर नोंद करून स्वतः बंद पडतो. त्याच्या सरकवण्याचा वेग ५०० पीपीएमच्या पुढे जात नाही, म्हणजे एक सेकंद भरून काढायचा झाला तर तेहतीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. क्रोनीची मूळ मर्यादा सुमारे ८३,३३३ पीपीएम आहे. तोच एक सेकंद बारा सेकंदांत भरून निघू शकतो. लिनक्सच्या अनेक वितरणांत क्रोनीच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘मेकस्टेप १.० ३’ अशी ओळ असते. तिचा अर्थ असा, की चालू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एका सेकंदाहून जास्त असेल तरच उडी मारायची, आणि त्यानंतर कधीही मारायची नाही. सर्व्हरसाठी मला हे धोरण फार शहाणपणाचे वाटते. यंत्र चालू होताना काय ते होऊ द्यावे. काम सुरू झाल्यावर वेळ मागे जाता कामा नये.

आणखी एक. नवे सॉफ्टवेअर बसवताना जुने खरोखर बंद झाले आहे का, ते पाहा. आभासी यंत्रांवर तर हे आवर्जून पाहावे लागते, कारण यजमान यंत्राचे साधनही पाहुण्या यंत्राचे घड्याळ लावत असते. दोघांनी एकाच वेळी काटे फिरवले, तर क्रोनीने शिकलेला वेग निरुपयोगी ठरतो. दोघांपैकी एकच ठेवावा.

नौपाडेकर_रेडिओ

विंडोजबद्दल मी लिहितो, कारण मी परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे आणि आमच्या छंदात घड्याळाशिवाय पान हलत नाही. एफटी८ या रेडिओवरून लहान संदेश पाठवण्याच्या पद्धतीत सर्वांनी पंधरा सेकंदांच्या ठरलेल्या खिडक्यांमध्ये आळीपाळीने बोलायचे असते. संदेश १२.६४ सेकंदांचा असतो, उरलेली जागा फार थोडी. घड्याळ दोन-अडीच सेकंदांनी चुकले, की पडद्यावर संकेताच्या रेघा दिसतात पण एकही शब्द उलगडत नाही. नवशिक्याला वाटते की अँटेना बिघडला.

विंडोजची टाइम सेवा मुळात मोठ्या कार्यालयांतल्या लॉगिनसाठी होती. कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीला पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, आणि अनेक वर्षे त्या सेवेकडून तेवढीच अपेक्षा होती. विंडोज सर्व्हर २०१६ आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० पासून तिच्यात मोठी सुधारणा झाली. नेटवर्कचा विलंब अगदी कमी ठेवला आणि विचारण्याचे अंतर कमी केले, तर ती एका मिलिसेकंदापर्यंत जाऊ शकते, असे मायक्रोसॉफ्ट सांगते. मात्र घरच्या संगणकावर मूळ मांडणीत ती फार विरळ विचारते. म्हणून मी माइनबर्ग या जर्मन कंपनीने विंडोजसाठी मोफत उपलब्ध केलेला एनटीपीडी वापरतो. नेटटाइम हे लहान सॉफ्टवेअरही माझ्या मित्रांकडे चालते आणि एफटी८ला ते पुरते. पण तुमच्या कंपनीची विंडोज यंत्रे डोमेनमध्ये, म्हणजे एका मुख्य सर्व्हरच्या व्यवस्थेखाली, असतील, तर बाहेरचे काही बसवू नका. डोमेनच्या मुख्य सर्व्हरला तुमच्या क्रोनीकडे वळवा. बाकीची यंत्रे त्याच्याकडूनच वेळ घेतात.

येऊरच्या बाजूला आम्ही रेडिओ घेऊन जातो, तेव्हा मोबाइलचे जाळे मिळेलच असे नसते. तेव्हा यूएसबीचा जीपीएस वापरतो. तो उपग्रहाची वेळ अक्षरांच्या ओळीत पाठवतो आणि ती ओळ येण्यातच शंभर-दोनशे मिलिसेकंद मागेपुढे होतात. आमच्या कामाला ते चालते. ज्यांना मायक्रोसेकंद हवेत, त्यांना दर सेकंदाला एक विद्युत ठोका देणारा जीपीएस लागतो. मुलाने रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला तसा एक जोडला आहे आणि क्रोनी त्या ठोक्याला धरून चालतो.

उलवे_खाडी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. सर्ट-इनचा आदेश २८ एप्रिल २०२२ चा आहे. त्यात सेवा पुरवणारे, डेटा सेंटर, कंपन्या आणि शासकीय संस्था या सर्वांनी आपल्या यंत्रांची घड्याळे एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल यांच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जोडावीत असे म्हटले आहे. प्रत्येक यंत्राने थेट दिल्लीला विचारलेच पाहिजे असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्या आतल्या दोन सर्व्हरांनी तिथे विचारावे आणि बाकीच्यांनी त्या दोघांना. साखळी तुटत नाही. ज्यांचा पसारा अनेक देशांत आहे त्यांना दुसरा प्रमाणित स्रोत वापरण्याची मुभा आहे, पण तो एनपीएल आणि एनआयसीपासून ढळता कामा नये. लॉग १८० दिवस ठेवण्याची अटही याच आदेशात आहे. चुकीच्या वेळेचे १८० दिवसांचे लॉग ठेवून कोणाचाच उपयोग नाही, म्हणून ही दोन कलमे एकत्र वाचावीत.

स्रोत किमान चार ठेवा. दोन असतील आणि दोघांचे पटले नाही, तर खरा कोण हे ठरवता येत नाही. तीन असताना एक बिघडला तर उरलेले दोघे त्याला उघडा पाडतात. चौथा अशासाठी, की एखादा देखभालीसाठी बंद असला तरी तीन उरतात. ही भीती निव्वळ कल्पनेतली नाही. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेचे दोन सर्व्हर काही काळ सन २००० सांगत होते, आणि केवळ त्यांच्यावर विसंबलेल्या काही यंत्रांनी ते मान्यही केले.

गूगलचे सार्वजनिक सर्व्हर यांत मिसळू नका. लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी घड्याळात अधूनमधून घातलेला जादाचा सेकंद, आला की ते तो चोवीस तासांवर पसरवतात, आणि त्या काळात इतरांशी त्यांचा अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला आला होता, आणि २०३५ पर्यंत ही पद्धतच मागे घेण्याचे ठरले आहे. तोवर मात्र नियम पाळलेला बरा.

खाडीकिनारा

सर्वांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. या धाग्यात टाइमसिंकडीवर अन्याय होतो आहे. माझ्या कळव्याच्या घरी दोन लॅपटॉप आणि एक रास्पबेरी पाय आहे. त्यांना मायक्रोसेकंदांची गरज नाही, आणि जे सॉफ्टवेअर मुळात कोणाला वेळ सांगतच नाही, त्याच्यावर बाहेरून हल्ला होण्याची वाटही कमी असते. २०१४ मध्ये एनटीपीडीच्या एका जुन्या आज्ञेचा गैरवापर करून लहान प्रश्नाला प्रचंड मोठे उत्तर मिळवले गेले आणि त्याचा पूर इतरांवर सोडला गेला, हे विसरू नये. शिवाय टाइमसिंकडी शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवतो. पायच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही; वीज येऊन ते चालू झाले, की निदान १९७० पासून सुरुवात होत नाही.

ओपनबीएसडी या संगणक प्रणालीचा ओपनएनटीपीडीही कोणी उल्लेखिला नाही. तो मिलिसेकंदांच्या शर्यतीत उतरत नाही, पण त्याच्यात एक चांगली कल्पना आहे: विश्वासू संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणी करून तिथली तारीख पाहायची आणि एनटीपीचे उत्तर तिच्यापासून फार दूर असेल तर ते नाकारायचे.

पारसिक

मान्य आहे. घरच्या लॅपटॉपवर मीही टाइमसिंकडी तसाच ठेवला आहे. सर्व्हरवर मात्र ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ वेगळा होतो. सुरक्षिततेबाबत म्हणाल, तर आता एनटीएस आहे. २०२० मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत उत्तर खऱ्या सर्व्हरकडूनच आले आहे याची खात्री करता येते. क्रोनी आणि एनटीपीसेक (एनटीपीडीपासून निघालेली, सुरक्षिततेवर भर देणारी आवृत्ती) दोघेही ते देतात, टाइमसिंकडी देत नाही. त्यात अडचण एवढीच, की प्रमाणपत्राची मुदत तपासण्यासाठी घड्याळ आधीच बऱ्यापैकी बरोबर असावे लागते, आणि आपण तर तेच दुरुस्त करायला निघालेलो असतो. क्रोनीत पहिल्या काही दुरुस्त्यांपुरती ही मुदतीची तपासणी शिथिल करण्याची सोय आहे.

सानपाडा_एस

पीटीपीची, म्हणजे एनटीपीहून अधिक अचूक वेळ जुळवणाऱ्या पद्धतीची, गरज आहे का? आमच्या व्यवस्थापकांनी कोठेतरी वाचले आहे आणि ते आग्रह धरत आहेत.

घंटाळी

सहसा नाही. पीटीपीचे खरे सामर्थ्य नेटवर्क कार्डावरच वेळेचा शिक्का मारण्यात आणि वाटेतल्या स्विचने आपला विलंब मोजून सांगण्यात आहे. तसे स्विच नसतील, तर पीटीपी बसवून एनटीपीपेक्षा फारसे हाती लागत नाही. मोबाइलचे मनोरे, विजेची उपकेंद्रे, शेअर बाजारातले व्यवहार यांना ते लागते. तुमचे कार्ड हार्डवेअरमध्ये शिक्का मारत असेल, तर क्रोनीलाही त्याचा लाभ घेता येतो. आधी तेवढेच करून पाहा आणि व्यवस्थापकांना आकडे दाखवा.

मेघना_ऐरोली (धागाकर्ती)

सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. अकराही लिनक्स यंत्रांवर क्रोनी बसवला. त्यांतले दोन आतले सर्व्हर एनआयसी आणि एनपीएलकडून वेळ घेतात, बाकीची नऊ त्या दोघांकडून. विंडोजचा डोमेन सर्व्हरही त्यांच्याकडे वळवला. हजेरीच्या यंत्रांत आणि कॅमेऱ्यांत एकच पत्ता लिहिता येतो, तिथे पहिल्या सर्व्हरचा लिहिला आहे. पारसिक यांची शंका खरी निघाली: जुन्या एनटीपीडीने त्या दिवशी मागे उडी मारल्याची नोंद लॉगमध्ये सापडली, आणि मागणीचा दुसरा प्रयत्न त्याच क्षणी झाला होता.

एक निरीक्षण विचारायचे आहे. शनिवारी संध्याकाळी कार्यालयातला एसी बंद होतो आणि सोमवारी सकाळी लागतो. क्रोनीच्या ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे घड्याळाची स्थिती दाखवणाऱ्या त्याच्या आज्ञेत, दिसणारा वेग त्या काळात बदललेला दिसतो. हे उष्णतेमुळे होते का?

घंटाळी

होय. त्यात दोन स्फटिक वेगळे ओळखा. बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचा ३२,७६८ हर्ट्‌झचा स्फटिक पंचवीस अंशांच्या आसपास सर्वात वेगवान असतो, आणि तापमान त्याच्या वर जावो वा खाली, तो मंदच होतो. पंचेचाळीस अंशांवर तो साधारण चौदा पीपीएमने मागे पडतो, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या जवळपास. यंत्र चालू असताना वेळ मोजणारा स्फटिक वेगळ्या कापाचा असतो आणि उष्णतेने कमी बिघडतो. तुम्हाला ट्रॅकिंगमध्ये दिसतो तो याचा बदल. जोवर इंटरनेट आहे तोवर क्रोनी हा बदल पकडतो. एसीबरोबरच इंटरनेटही गेले, तर तो शनिवारच्या थंड खोलीत शिकलेल्या वेगावरच चालत राहील. अशा वेळी आपली चूक किमान एक पीपीएमने, म्हणजे दर सेकंदाला एक मायक्रोसेकंदाने, वाढते असे तो मूळ मांडणीत धरतो आणि तसे सांगतोही; पण खोली फारच तापली, तर खरी चूक त्याहून जास्त होऊ शकते. सर्व्हरच्या खोलीपुरता एसी चालू ठेवता येतो का, ते पाहा.

पारसिक

शिवाय दोन्ही आतल्या सर्व्हरांवर क्रोनीच्या फाइलमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ आणि त्यापुढे ‘ऑर्फन’ असे लिहा, आणि त्यांना एकमेकांचे पत्ते द्या. बाहेरची जोडणी गेली तर दोघांपैकी एक जण पुढाकार घेतो, दुसरा त्याच्या मागे चालतो, आणि बाकीची यंत्रे निदान आपापसांत जुळलेली राहतात. तुमच्या लॉगसाठी तेच अधिक महत्त्वाचे आहे.

मेघना_ऐरोली (धागाकर्ती)

दोन्ही ओळी आज संध्याकाळी लिहिल्या. खोलीच्या एसीची परवानगी मागितली आहे. येत्या रविवारी बाहेरची जोडणी मुद्दाम चोवीस तास बंद ठेवणार आहे. सोमवारी सकाळी अकराही यंत्रांच्या ट्रॅकिंगचे आकडे इथेच देते.